दक्षिणेच्या भिंतीवरचे आबा

सुदर्शनला कुणाचं बोलणं मधे तोडता येत नसे. लोणी काळभोरच्या शाळेत गुरुजींनी त्याच्याकडून दोनच गोष्टी पक्क्या करून घेतल्या होत्या, एक पाढे आणि दुसरं म्हणजे मोठी माणसं बोलत असताना गप्प बसणं. पाढे पुढे मोबाइलनं पळवले, गप्प बसणं तेवढं टिकलं. कंपनीत त्याचा मॅनेजर त्याला पहिल्या दिवसापासून 'सुधाकर' म्हणतो. तेव्हा सांगितलं नाही, आणि आता सांगायचं म्हणजे मॅनेजरला इतकी वर्षं फसवल्यासारखं होईल, म्हणून हा सुधाकरच्या हाकेला ओ देतो. एकदा कोथरूडला एका मित्राच्या लग्नाला गेला आणि चुकीच्या हॉलमध्ये शिरला. नवरीच्या मामानं दंडाला धरून पंगतीला बसवलं. हा जेवला, आहेराचं पाकीट दिलं आणि स्टेजवर जाऊन फोटोही काढून आला. ही गोष्ट त्याची बायको नम्रता, मूळची अकोल्याची, पाहुण्यांना रंगवून सांगते आणि शेवटी म्हणते, "आमच्या लग्नात बरोबर हॉलमध्ये आला, एवढं नशीब समजा."

अशा माणसावर कर्वेनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये एका चित्रावर उजेड पाडायची जबाबदारी आली.

चित्र आबांचं होतं. आबा म्हणजे सुदर्शनचे वडील, दत्तोबा. काढलं होतं सुदर्शनच्या धाकट्या बहिणीनं, अपेक्षानं. आणि आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी अपेक्षाचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली, हॉल ठरला, आणि तिनं सांगून टाकलं, मला हे लग्न करायचं नाही, मला चित्रं काढायची आहेत. पाहुण्यांच्या गाड्या परत गेल्या. आबा ओसरीवर उभे राहून एवढंच म्हणाले, "आजपासनं म्या तुला मेलो." आवाजही चढवला नव्हता. अपेक्षा शनिवार पेठेत एक खोली घेऊन राहू लागली, शाळकरी पोरांचे चित्रकलेचे वर्ग घेऊ लागली. त्या दिवसापासून बापलेकीत एका शब्दाचं बोलणं नाही. सणाला आई चोरून फोन करते, तेव्हा आबा मुद्दाम गोठ्यात जाऊन बसतात.

आता आबांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पट्टी सुटली होती, शेवटची तपासणी पुण्यात होती, आणि तपासणी झाली की पुतण्या पृथ्वीराज त्यांना गाडीनं सुदर्शनकडे चहाला सोडणार होता. हे ऐकल्यावर अपेक्षानं भावाला फोन केला. "दादा, मी आबांचं चित्र काढलंय. तुझ्याकडे लाव. नव्या डोळ्यानं त्यांनी ते एकदा बघू दे. नाही आवडलं तर मी परत विषय काढणार नाही. कधीच नाही."

ती 'कधीच नाही' म्हणाली की नाहीच, हे सुदर्शनला माहीत होतं. त्या बाबतीत ती आबांचीच मुलगी. म्हणून तिघांनी मिळून बेत केला. आधी नाव सांगायचंच नाही. ऑफिसातल्या एका मित्रानं काढलंय म्हणायचं. आबा 'बरं हाय' म्हणाले की मगच सांगायचं.

चित्र लावायला हॉलमध्ये एकच भिंत मोकळी होती. एकीवर टीव्ही, एकीवर खिडकी, एकीत दार. चौथी मोकळी, शिवाय तिथे दिव्याचा पॉइंटही होता. सुदर्शननं रविवारी तिथे चित्र लावून घेतलं आणि दिवा आणायला विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेला. इंटरनेटवर त्यानं बरंच वाचलं होतं. परदेशातल्या बंगल्यांत चित्राच्या चौकटीवर पितळेचा लांबट दिवा बसवलेला असतो, तसाच त्याला हवा होता.

"काय दाखवायचंय?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं. "चित्र की दिवा?"

"चित्र."

"मग दिवा एवढा झगझगीत कशाला? असो. घ्या. परत घेत नाही."

सुदर्शनला वाटलं, विचारावं की मग कुठला घेऊ. पण दुकानदार तोवर पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला होता. मधे तोडणार कसं?

आबा यायचे त्या दिवशी सुदर्शननं रजा टाकली. सकाळी दिवा लावून बघितला. पिवळसर उजेड, वर पितळ चमकतंय, खाली आबांची पांढरी टोपी आणि चेहरा. छान वाटलं. तीन-साडेतीनपर्यंत आबा येणार होते.

जेवणं झाली आणि शेजारच्या विमलाबाई वाटी परत द्यायला आल्या. विमलाबाई सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण लिफ्टमध्ये लावलेल्या सूचनांत त्यांचा दरारा अजून दोघांचा मिळून होता. त्या दारातूनच बोलायला लागल्या, "वाटी घासून दिलीय, परत घासू नकोस," आणि एकदम थांबल्या. वाटी टीपॉयवर ठेवली. चपला काढल्या. भिंतीकडे बघून हात जोडले, डोळे मिटले.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "कधी झालं रे हे?"

सुदर्शनच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "नाही काकू, ते म्हणजे..."

"बोलू नकोस. मला कळतं. हे गेले तेव्हा मलाही बोलता यायचं नाही. लोक विचारायचे आणि मी नुसती 'हो हो' म्हणायची." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. विमलाबाई रडू शकतात, हेच सुदर्शनला माहीत नव्हतं. "वय काय होतं?"

"एकाहत्तर," सुदर्शन म्हणाला.

"चेहरा किती शांत आहे. आणि काढलंय कुणी? अगदी जिवंत." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "असं मोकळं ठेवू नये. मी भाजीला निघालेच आहे. येताना हार घेऊन येते. नाही म्हणू नकोस."

सुदर्शन नाही म्हणाला नाही. त्या गेल्या.

आतल्या खोलीतून नम्रता बाहेर आली. कंपनीची मीटिंग चालू होती, हेडफोन गळ्यात. "तू त्यांना सांगितलं नाहीस."

"सांगत होतो."

"काय सांगत होतास? वय किती होतं विचारलं तर एकाहत्तर म्हणालास! काहून म्हणालास?"

"आहेच ना एकाहत्तर."

नम्रतानं कपाळाला हात लावला आणि मग तीही भिंतीकडे बघत राहिली. सुदर्शननंही बघितलं. या वेळी मात्र घर आपलं नाही असं समजून बघितलं. दक्षिणेची भिंत. तिच्यावर म्हाताऱ्या माणसाची तसबीर. वर पितळेचा दिवा, पिवळा, दिवसाढवळ्या लावलेला. उजेड डोक्यावरून उतरत होता, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या होत्या आणि छातीच्या खाली तर काहीच दिसत नव्हतं. गावात प्रत्येक घरी असा एक फोटो असतो. त्याच्या घरी आजोबांचा आहे, दक्षिणेच्याच भिंतीवर, लाल झिरोच्या बल्बखाली.

"आबा गेलेत," नम्रता हळूच म्हणाली.

आबा गेलेत एवढंच असतं तर सुदर्शननं हसून निभावलं असतं. पण आबा स्वतःच लेकीला सांगून बसले होते, म्या तुला मेलो. आणि आता लेकीनं काढलेलं चित्र, दक्षिणेची भिंत, वर दिवा. नाव कळल्यावर आबा काय समजणार? हेच, की पोरीनं बापाचा शब्द खरा धरला आणि भिंतीवर टांगून दाखवला.

"काढ ते," नम्रता म्हणाली. "कपाटामागे ठेव. पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ नाही. अपेक्षा परत विषय काढणार नाही. आणि आबा पुण्यात येतात कधी?"

"मग दुसऱ्या भिंतीवर. टीव्ही काढ, तिथे लाव."

सुदर्शननं माळ्यावरून ड्रिल काढलं, वायर जोडली, आणि हात थांबला. लिफ्टमध्ये विमलाबाईंच्या अक्षरातली पाटी होती. 'दुपारी एक ते चार ड्रिल व हातोडा चालवू नये. कारण विचारू नये.' पुण्यात राहून या वेळेत भिंतीला भोक पाडायचं, म्हणजे घर विकायचीच तयारी हवी. तेव्हा भिंत तीच. खिळा तोच. बदलता येण्यासारखा उरला फक्त उजेड.

त्यानं पितळेचा दिवा बंद केला. चित्र नुसतंच काळपट झालं, कारण खिडकी डावीकडच्या भिंतीत, अगदी कोपऱ्याला होती आणि उजेड चित्रावर न पडता समोर जात होता. त्यानं ट्यूब लावली. रंगांच्या चकचकीत थरावर ट्यूबची पांढरी पट्टी आबांच्या नाकावरून आडवी गेली आणि चेहरा पांढराफटक पडला.

"आता तर पोस्टमार्टम झाल्यासारखे दिसतात," नम्रता म्हणाली.

"आणि ऑपरेशनच्या डोळ्याला ही तिरीप लागेल."

त्यानं टेबललँप आणून जमिनीवर ठेवला, तोंड वर करून. हनुवटी उजळली, नाकाची सावली कपाळावर चढली. गावच्या जत्रेतल्या नाटकात राक्षस प्रवेश करतो तसे आबा दिसू लागले. दिवाळीच्या माळेची पिशवी नम्रतानं नुसती वर धरून दाखवली, तेव्हा सुदर्शननं तिच्याकडे असं बघितलं की तिनं ती परत आत नेली. घड्याळाकडे बघायचं त्यानं सोडून दिलं होतं, पण ते भिंतीवरच होतं.

फोन वाजला. पृथ्वीराज. "दादा, तपासणी झाली. निघालो. आबा लय खुशीत हायत, समदं निळं दिसतंय म्हणतेत."

सुदर्शननं लगेच अपेक्षाला फोन लावला आणि हार सोडून सगळं सांगितलं.

"वरून दिवा लावलास?" ती म्हणाली. "दादा, मला विचारायचं तरी. चित्रात ऊन कुठून आलंय ते बघ ना."

"ऊन?"

"आबांच्या कुठल्या गालावर उजेड आहे?"

सुदर्शन चित्राच्या जवळ गेला. चार दिवस ते भिंतीवर होतं, पण त्यानं इतका वेळ दिव्याकडेच बघितलं होतं. "डाव्या. म्हणजे आपल्या डावीकडच्या."

"सकाळचं ऊन आहे ते. बाजूनं, तिरकं. तूही तिथूनच दिवा लाव. थोडा लांबून, म्हणजे चमक डोळ्यांत येणार नाही. आणि पितळेचं ते काढून टाक आधी." मग ती हळूच म्हणाली, "त्यांनी ते तसं बघितलं तर संपलंच रे."

पितळेचा दिवा निघाला. टेबललँपला खाली चिमटा होता. सुदर्शननं स्टुलावर चढून तो खिडकीच्या पडद्याच्या दांडीला डावीकडून लावला, मान वळवली, जरा खाली केली, जरा मागे. आतल्या खोलीतला मऊ पिवळा बल्ब त्यात घातला. पडदा ओढला.

"थांब," नम्रता म्हणाली. "तिथंच. हलवू नको."

उजेड चित्रात शिरला आणि तिथल्या उन्हात मिसळून गेला. कुठला दिव्याचा, कुठला रंगाचा, ते सांगता येईना. डोळ्यांच्या खोबणी भरल्या. बुबुळं दिसली, लांब कुठे तरी उसाकडे लागलेली. आणि छातीच्या खाली जो नुसता अंधार होता, त्यातून एक हात बाहेर आला. तळहात उघडा, चित्राबाहेर, बघणाऱ्याकडे पुढे केलेला. त्यावर चिमूटभर तंबाखू.

सुदर्शन स्टुलावरून उतरायचं विसरला. रोज सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या ओट्यावर बसून आबा तंबाखू तळहातावर घ्यायचे आणि शेताकडे बघत हात बाजूला पुढे करायचे. न बघता, न बोलता. तिथे फ्रॉकातली अपेक्षा चुन्याची डबी घेऊन बसलेली असायची. ती नखभर चुना लावायची, मगच आबा मळायला घ्यायचे. हा हात दुसऱ्या कुणापुढे कधी पुढे झाला नव्हता.

"ऑफिसातल्या मित्राला हे कुठून माहीत असणार?" सुदर्शन म्हणाला. आणि बेल वाजली.

दारात आबा. पांढरी टोपी, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा, हातात पेरूंची पिशवी. खुशीत मात्र अजिबात नव्हते.

"या आबा. पृथ्वीराज?"

"गेला. गाडी लावाया जागा न्हाई." आबा आत आले, चपला काढल्या, पिशवी नम्रताकडे दिली. बसले नाहीत. "खाली लिफ्टमधी एक बाई भेटल्या. हातात हार. मला म्हनल्या, सुदर्शनकडं चाललाय का? म्हनलं, व्हय. म्हनल्या, फार वाईट झालं, वडील गेले त्याचे. शांत चेहरा हाय म्हनं."

सुदर्शननं मागे दार लावून घेतलं.

"तुम्ही काय म्हणालात?" नम्रतानं विचारलं.

"काय म्हननार? म्हनलं, असं व्हय." आबांनी मान वळवली. काळ्या चष्म्यातून त्यांना दिसलं ते एवढंच, दक्षिणेची भिंत, चौकट, आपलाच चेहरा आणि त्यावर उजेड. ते तसेच उभे राहिले. "दिवा बी लावला," ते म्हणाले. मग वळून चपला शोधू लागले. "पृथ्वीराजला फोन लाव. लांब गेला नसंल."

"आबा, ऐका तरी..."

"फोन लाव म्हनलं."

सुदर्शनची जीभ जागच्या जागी बसली. मोठं माणूस बोलत होतं. आबांनी एक पाय चपलेत घातला आणि परत बेल वाजली.

विमलाबाई होत्या, हातात पानात बांधलेला झेंडूचा हार. चपला काढत त्या म्हणाल्या, "उशीर झाला रे, घरी जाऊन देठं कापून घेतली. कुठे खिळा आहे का वर, की मीच..."

"काकू, थांबा," सुदर्शन म्हणाला.

नम्रतानं दचकून त्याच्याकडे बघितलं. विमलाबाईंचं वाक्य अर्धं राहिलं होतं. त्यांचं वाक्य अर्धं राहण्याची सोसायटीतली ही पहिलीच वेळ असावी.

"हे माझे वडील. दत्तोबा. आहेत. दुपारी मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी."

विमलाबाईंनी चित्राकडे बघितलं, मग लिफ्टमधल्या माणसाकडे. "मग एकाहत्तर कुणाचं सांगितलंस?"

"यांचंच."

"वय काय 'होतं' असं विचारलं होतं मी. मराठी शाळेत शिकलास ना?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. राग किती आणि लाज किती, ते कळत नव्हतं. "आणि अहो, तुम्ही! तुम्ही तरी लिफ्टमध्ये बोलायचं की नाही?"

"तुमी रडत व्हता," आबा म्हणाले. "मधी कसं बोलायचं?"

नम्रतानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सुदर्शन मात्र बापाकडे बघतच राहिला. इतकी वर्षं तो उगाच गुरुजींच्या नावानं खडे फोडत होता.

"आता हार आणलाय त्याचं काय करू?"

"द्या हिकडं. फुलं हायत, वाया कशाला."

विमलाबाईंनी तो आबांच्या हातात ठेवला. "घ्या. शंभर वर्षं जगा," भंगारवाल्याला दटावावं तशा आवाजात म्हणाल्या आणि गेल्या. दार लागलं.

आबा एका पायात चप्पल, हातात हार, तसेच उभे. आता नाही तर कधीच नाही. सुदर्शन त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"आबा, फोन मी लावणार नाही. चष्मा काढा. डॉक्टरांनी घरात काढायला सांगितलाय. आणि एकदा नीट बघा. मग जायचं तर मी स्वतः लोणीला सोडतो."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. हा आपलाच मुलगा आहे का, असं बघितलं. मग चष्मा काढला. डोळा अजून लालसर होता. ते भिंतीपाशी गेले. टोपी बघितली, चेहरा बघितला, आणि नजर खाली उतरून हातावर थांबली.

सुदर्शनला पाठमोऱ्या आबांचा उजवा हात दिसत होता. त्यात हार होता. तो त्यांनी डाव्या हातात घेतला, आणि मोकळा तळहात हळूहळू उघडला, जरासा पुढे झाला. मग मिटला.

"कुनी काढलं?"

नम्रतानं सुदर्शनकडे बघितलं. ऑफिसातला मित्र तयार होता, त्याचं नावही ठरलं होतं, सौमित्र.

"अपेक्षानं," सुदर्शन म्हणाला.

आबा वळले नाहीत.

"तंबाकू सोडली म्या," ते शेवटी म्हणाले. "दोन वर्सं झाली. तिला कोन सांगनार." आणि थोड्या वेळानं, "डबी न्हाई काढली."

"नाही."

"का?"

"तिच्याकडे आहे ना ती. म्हणजे, तिच्याच हातात असायची."

आबांनी चपलेतला पाय बाहेर काढला. खुर्ची ओढून चित्रासमोर बसले, हार मांडीवर ठेवला. चित्राकडे बघितलं, मग मान तिरकी करून पडद्याच्या दांडीकडे.

"दिवा वाकडा हाय," ते म्हणाले.

सुदर्शननं वर बघितलं. दिवा वाकडा नव्हता. जिथे हवा होता तिथेच होता, एक बोटभरही इकडे-तिकडे नाही. आज तोंड उघडलंच होतं, तर तेही सांगायला हरकत नव्हती. नम्रता तर सांगणारच होती, "नाही हो आबा, मघाशी आम्ही..."

"वाकडाच आहे," सुदर्शन घाईनं म्हणाला.

"तुला जमायचं न्हाई त्ये." आबा चित्राकडेच बघत होते. "जिनं काढलं तिला ठावं आसंल कुठनं लावायचा. तिला म्हनावं, यून लाव." मग घसा खाकरून, "च्या न्हाई का केला आजून?"

सुदर्शननं गॅलरीत जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"दिवा वाकडा लागलाय म्हणतात आबा. तू येऊन लाव म्हणाले."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "वाकडा? मी सांगितलं तसाच लावलास ना? बाजूनं, लांबून?"

"वाकडा आहे म्हटलं ना. ये तू."

शनिवार पेठेतून यायला रिक्षाला वेळ लागणार होता. चहा झाला. आबा हातपाय धुवायला आत गेले. बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला तसा सुदर्शन स्टुलावर चढला, आणि आबा परत यायच्या आत त्यानं दिव्याची मान धरून तो चांगला वाकडा करून ठेवला.